टिलव्याचे पाय आणि पुस्तकाचे पान

पक्षी ओळखण्याच्या पुस्तकांवर आपल्याकडे टीका अशी फारशी होत नाही. नवे पुस्तक आले की त्यात किती पक्षी आहेत, चित्रे रंगीत आहेत का, किंमत किती, एवढे सांगून परीक्षण संपते. ते पुस्तक हाती घेऊन चिखलाच्या काठावर उभे राहिल्यावर काय होते, हा प्रश्न राहून जातो. शिक्षकाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. कारण विद्यार्थी अशा पुस्तकातून पक्ष्याच्या नावाबरोबर आणखी एक गोष्ट नकळत शिकतो: 'हे अमुकच आहे' असे कशाच्या जोरावर म्हणायचे. म्हणून येथे आम्ही काही नावाजलेल्या पुस्तकांची परीक्षा एका चिमणीएवढ्या पक्ष्यावर घेणार आहोत. पण त्याच्याकडे जाण्याआधी एक सोपा पक्षी पाहू.

पंचवटीत रामकुंडापासून गाडगे महाराज पुलाच्या खाली गेले की हिवाळ्याच्या सकाळी घाटाच्या दगडी पायरीवर एखादा करडा-तपकिरी पक्षी एकटाच चालताना दिसतो. दोन पावले टाकतो, थांबतो आणि शरीराचा मागचा भाग सतत वरखाली हलवतो. धोबी पक्षीही शेपटी हलवतो, पण तो काळा-पांढरा आणि सडपातळ. हा उडाला की पाण्याला लागून जातो, पंख ताठ आणि खाली वाकलेले, थरथरल्यासारखे अर्धवट हलणारे, मध्येच स्थिर. ही तुतारी. तिला ओळखायला रंगाची गरज जवळजवळ नाहीच. समोरून ऊन असले, पक्षी नुसता काळा ठिपका दिसला तरी चालीवरून आणि उडण्यावरून ती कळते.

डॉ. सालिम अली यांचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' १९४१ साली प्रसिद्ध झाले. तुतारीसारख्या पक्ष्याच्या बाबतीत ते आजही उत्तम शिक्षक आहे. पक्षी काय करतो, कसा बसतो, कोठे आढळतो, हे त्यात थोडक्यात पण जिवंतपणे येते. आकार सांगण्याची त्यांची पद्धत तर वर्गात शिकवण्यासारखी आहे. चिमणी, लावा, बुलबुल, मैना, कबुतर, कावळा अशा ओळखीच्या पक्ष्यांची एक मोजपट्टी त्यांनी केली आणि प्रत्येक पक्षी तिच्यावर अधिक-उणे चिन्ह देऊन बसवला. सेंटिमीटरमध्ये सांगितलेली लांबी मैदानात कोणाच्याच डोळ्यांपुढे उभी राहत नाही, मैना राहते.

याच मोजपट्टीत एक अडचण आहे, आणि ती काठावरच्या पक्ष्यांपाशी उघडी पडते. पुस्तकातली लांबी ही चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजलेली असते. मैनेची लांबी साधारण २५ सेंटिमीटर. पाणलाव्याची, म्हणजे स्नाइपची, तेवढीच किंवा किंचित जास्त; पण त्यातले सहा-सात सेंटिमीटर नुसती चोच. झाडावरच्या पक्ष्यांत चोचीची लांबी एवढी बदलत नाही, म्हणून तेथे मोजपट्टी बिनबोभाट चालते. शिवाय उघड्या चिखलावर शेजारी मैना नसते. दुसरा कोणता पक्षी असतो तोही तितकाच अनोळखी. पुस्तकाने ही मर्यादा सांगायला हवी होती, असे आमचे मत आहे.

आता टिलव्याकडे वळू. पंचवटीच्या बांधीव घाटांवर त्याची अपेक्षा धरू नये. त्याला मऊ चिखल लागतो. तो हवा तर याच नदीच्या काठाने खाली, निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वरला जावे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या प्रारंभी बांधलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला आणि उथळ पाणथळ तयार झाली. १९८६ साली ती अभयारण्य झाली आणि जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीतली महाराष्ट्रातली पहिली पाणथळ म्हणून जाहीर झाली. पाण्याचे आवर्तन सुटले की येथे एका रात्रीत चिखल झाकला जातो किंवा उघडा पडतो, आणि पक्षी त्याप्रमाणे जागा बदलतात. कालच्या जागी आज पक्षी नाहीत याचा अर्थ ते निघून गेले असा होत नाही, हे विद्यार्थ्यांना आधीच सांगून ठेवावे.

येथे हिवाळ्यात दोन प्रकारचे टिलवे येतात, छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा. दोघेही उत्तरेकडच्या थंड प्रदेशांत वीण करतात, ऑगस्ट-सप्टेंबरपासून आपल्याकडे दिसू लागतात आणि एप्रिल-मेपर्यंत परततात. दोघेही साधारण चिमणीएवढे, वरून करडे-तपकिरी, खालून पांढरे. दोघांचे शास्त्रीय वर्णन लाइस्लर या एकाच जर्मन अभ्यासकाने १८१२ या एकाच वर्षी केले. टेमिंक हे हॉलंडमधल्या लायडनच्या संग्रहालयाचे पहिले संचालक. आपण ते नाव मराठीत तसेच घेतले, पण निफाडच्या मुलाला त्यातून पक्ष्याविषयी काहीच कळत नाही. टिटवी, चिखल्या ही नावे किती बरी! एकात आवाज आहे, दुसऱ्यात जागा. मारुती चितमपल्ली यांच्या 'पक्षिकोशा'त नावांची केवढी तरी संपत्ती एकत्र आली आहे. नवी नावे पाडताना तिकडे पाहायला हवे.

दोघांत फरक काय? बहुतेक पुस्तके पहिले उत्तर देतात ते पायांच्या रंगाचे. छोट्या टिलव्याचे पाय काळे, टेमिंकच्या टिलव्याचे पिवळट-हिरवट. हे खरेच आहे. एका खुणेवर बोट ठेवण्याची ही रीत रॉजर टोरी पीटरसन यांच्या १९३४ सालच्या अमेरिकन पुस्तकाने लोकप्रिय केली. चित्रातल्या नेमक्या खुणेकडे छोटी रेघ ओढून दाखवायची, की वाचकाने बाकी सर्व सोडून तेथे पाहावे. पक्षी मारून हातात घेतल्याशिवाय ओळखता येत नाही, असे मानण्याच्या काळात ही मोठीच सुधारणा होती. पण तिची एक वाईट सवयही लागली. ती खूण दिसली की पाहणे थांबते.

टिलव्याचा पाय सुमारे दीड मिलिमीटर जाड असतो. पक्षी ८० मीटरवर आहे असे धरू. चिखलाच्या काठावर यापेक्षा जवळ जाता येणे कठीणच. ८० मीटरवरची दीड मिलिमीटरची काडी डोळ्याशी सुमारे ४ विकलांचा कोन करते. आठपट दुर्बिणीतून तो सुमारे ३१ विकला होतो. निरोगी डोळ्याला शेजारचे दोन बिंदू वेगळे दिसायला साधारण ६० विकला लागतात. म्हणजे दुर्बीण लावूनही पायाची जाडी डोळ्याच्या क्षमतेच्या निम्मी आहे. पाय आहे एवढे कळते, कारण बारीक गडद रेघ असल्याचे डोळ्याला समजते. पण तिचा रंग मागच्या चिखलाच्या रंगात मिसळून पोचतो. हिशेब उलटा केला तर पक्षी ४० मीटरच्या आत हवा. वर दहा वाजल्यानंतर तापलेल्या चिखलावरची हवा थरथरू लागते ती वेगळीच. आणि पायाला वाळलेला करडा गाळ लागला असेल तर काळा पाय फिकट दिसतो, ओला काळा चिखल लागला असेल तर पिवळा पाय गडद. यातले किती पुस्तकाच्या पानावर असते? चिखलाची सूचना चांगल्या पुस्तकांत मिळते. अंतराची आमच्या तरी वाचनात आलेली नाही. नववी-दहावीच्या वर्गात हे गणित फळ्यावर जरूर करावे.

आता समजा, पाय दिसले. खुणेवर किती विश्वास ठेवायचा? एक उदाहरण घेऊ. यातले आकडे आम्ही हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत, ते कोणत्याही गणनेतले नाहीत. काठावर १०० टिलवे आहेत. ९० छोटे, १० टेमिंकचे. पायांचा रंग ओळखताना प्रकाश, चिखल, अंतर यांमुळे दहात एकदा चूक होते. म्हणजे खूण ९० टक्के भरवशाची. परीक्षेत एवढे गुण कोणालाही आवडतील. मग ९० छोट्या टिलव्यांपैकी ९ जणांचे पाय चुकून फिकट दिसतील. टेमिंकच्या १० पैकी ९ जणांचे बरोबर फिकट दिसतील. एकूण फिकट पायांचे १८ पक्षी, त्यांतले निम्मे चुकीचे. नव्वद टक्के भरवशाच्या खुणेवर विसंबून आपण जे नाव वहीत लिहिले ते खरे असण्याची शक्यता नाणेफेकीइतकीच.

असे का झाले? कारण टेमिंकचा टिलवा त्या काठावर मुळातच थोडा होता. थोड्या असलेल्या गोष्टीचा दावा करायचा तर पुरावा जास्त लागतो. हा नियम वैद्यकीय चाचण्यांनाही लागू आहे आणि भूकंपाच्या भाकितांनाही. चित्राच्या पुस्तकात मात्र दोन्ही टिलव्यांना सारखीच जागा मिळते, एकाखाली एक, एकाच मापाची दोन चित्रे. प्रसाराचे नकाशेही बहुधा अख्खा महाराष्ट्र एका रंगात भरून मोकळे होतात. पान पाहणाऱ्याला वाटते, दोघे समसमान भेटणार.

उपाय म्हणजे दुसरी खूण, पण ती पहिलीपासून स्वतंत्र हवी. टेमिंकचा टिलवा उडताना बारीक किरकिरता, सलग थरथरणारा आवाज काढतो. छोटा टिलवा तुटक, टोकदार 'टिट्' किंवा 'स्टिट्' म्हणतो. आवाज ओळखण्यातही दहात एक चूक धरू. मग फिकट पायांच्या ९ छोट्या टिलव्यांपैकी किरकिरता आवाज 'ऐकू येणारे' सरासरी ०.९ उरतात, आणि टेमिंकच्या ९ पैकी ८.१. आता नाव बरोबर असण्याची शक्यता ९० टक्के झाली. आवाजाला उन्हाशी किंवा चिखलाशी देणेघेणे नाही, म्हणून त्याची साक्ष वेगळी मोजता येते. याउलट पाय फिकट, पाठ मळकट, छाती धूसर अशा तीन खुणा एकाच वाईट प्रकाशात पाहिल्या असतील तर त्या तीन साक्षी नव्हेत. एकाच साक्षीदाराने तीनदा दिलेली ती जबानी आहे. बहुतेक पुस्तके खुणांची मालिका देतात, पण त्यांतल्या कोणत्या एकमेकींपासून स्वतंत्र, हे सांगत नाहीत. आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

नंतरची पुस्तके अधिक काटेकोर झाली, यात शंका नाही. ग्रिमेट आणि इन्स्किप दांपत्याचे १९९८ सालचे पुस्तक काठावरच्या पक्ष्यांचे विणीच्या काळातले, हिवाळी आणि पहिल्या वर्षाचे रूप वेगवेगळे दाखवते, उडतानाचेही दाखवते. आपल्याकडे सप्टेंबरात येणारा टिलवा पिसे बदलत असतो आणि जानेवारीतला पुरता करडा असतो. एकच चित्र पाहून या दोघांना एक म्हणणे नवशिक्याला शक्यच नव्हते. पामेला रासमुसेन आणि जॉन अँडरटन यांच्या २००५ सालच्या ग्रंथाने आवाजांचे आलेख छापले. आवाजाचे वर्णन 'मधुर', 'कर्कश' अशा शब्दांतून सुटून काळ आणि वारंवारता यांच्या भाषेत आले. (याच रासमुसेनबाईंनी बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासह १९९७ साली शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा शोधला. गुजरातमधला म्हणून ज्या कातड्यावर सर्वांची भिस्त होती, ते रिचर्ड माइनर्ट्झहागेन या गृहस्थांनी चोरलेले जुने कातडे होते, हे आधी उघडकीला आणल्यावर! खोट्या नोंदीमुळे शोध भलत्याच प्रदेशात चालला होता.) पण या काटेकोरपणात सालिम अलींच्या पानावरचा जिवंत पक्षी हरवला. जागा वाचवण्यासाठी वाक्यांची लक्तरे झाली आणि वागणे एका अर्ध्या ओळीत आले. टिलव्यांच्या बाबतीत तर वागणे हीच पहिली स्वतंत्र साक्ष आहे.

पुस्तकातले नाव म्हणजे शेवटचा शब्द, हा समजही सोडायला हवा. ऑस्ट्रेलियात १९८२ साली शेन पार्कर यांनी टिलव्याच्याच वंशातल्या एका पक्ष्याला नवी जाती म्हणून नाव दिले, कॉक्सचा सँडपायपर. पुढच्या दशकात डीएनए तपासल्यावर कळले की तो दोन वेगळ्या जातींचा संकर आहे. नाव गेले. आपल्या शेजारी उलटे घडले. दक्षिण भारत आणि श्रीलंकेत वीण करणारा एक छोटा चिखल्या हार्टर्ट आणि ॲनी जॅक्सन यांनी १९१५ साली उपजाती म्हणून वेगळा काढला होता; नंतर तो केंटिश चिखल्यात विलीन केला गेला. २०२३ साली जनुकांचा, मापांचा आणि पिसाऱ्याचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला आणि तो स्वतंत्र जाती ठरला. रामसेतूच्या परिसरात राहतो म्हणून त्याला हनुमान चिखल्या हे नाव मिळाले. पंचवटीच्या मुलांना ही गोष्ट सांगायला वेगळे निमित्त नको. तिचे मर्म मात्र वहीत आहे. दक्षिण किनाऱ्यावर फिरून ज्यांनी नुसते 'केंटिश चिखल्या' लिहून ठेवले त्यांच्या नोंदीतून आज काही निघत नाही. ज्यांनी महिना, पायांची छटा, कपाळावरचा आणि छातीच्या बाजूंचा काळा भाग आहे की नाही, पिले सोबत होती का, असे लिहिले त्यांची नोंद अजून उपयोगी आहे.

हल्ली विद्यार्थी पुस्तकाऐवजी फोन काढतात. 'मर्लिन'सारखे ॲप जागा आणि तारीख विचारते आणि तेथे त्या काळात काय संभवते याचा विचार उत्तरात धरते. वर सांगितलेली नव्वद आणि दहाची बाब पुस्तकांपेक्षा त्याला जास्त कळते, हे कबूल केले पाहिजे. पण ते नाव सांगून गप्प बसते. कारण न सांगणारे उत्तर गणिताच्या वहीत आपण चालवून घेत नाही. येथे का चालवावे?

आणि हा सारा खटाटोप एका चिमणीएवढ्या पक्ष्यासाठी कशाला, असे कोणी विचारील. १९८७ पासून आशियात दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. एखादी पाणथळ आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरवण्याच्या रामसर निकषांत, तेथे नियमाने २० हजार पाणपक्षी येतात का, एखाद्या जातीच्या एकूण संख्येचा एक टक्का तेथे आढळतो का, असे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे काठावर उभे राहून लिहिलेल्या कागदांतून येतात, आणि असे कागद भरणाऱ्यांत शिक्षक आणि विद्यार्थी असू शकतात, असायला हवेत. यादी लांब झाली की शाळेच्या फलकावर बरी दिसते, हे खरे. पण 'टिलवा, जात अनिश्चित, ४०' ही नोंद पूर्ण नोंद आहे. ई-बर्डसारख्या नोंदसंग्रहातही असा पर्याय मुद्दाम ठेवलेला आहे. शाळेच्या यादीत तो असावा, आणि तसे लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापू नयेत.

नाशिकच्या शाळांसाठी कोणी मराठीत असे पुस्तक केले, तर टिलव्याच्या पानावर आम्हाला पुढील मजकूर वाचायला आवडेल.

"ऑक्टोबर ते मार्च. सकाळी लवकर जा, ऊन पाठीशी घ्या. आधी पक्षी कोठे आहे ते पाहा. उघड्या, गुळगुळीत चिखलावर थव्याने, शिवणयंत्राच्या सुईसारखी भराभर चोच मारीत पळणारे बहुधा छोटे टिलवे. गवताच्या कडेला, दगडांच्या आड, एकटा किंवा तीन-चार मिळून, पाय दुमडून सरपटल्यासारखा हळू चालणारा दिसला तर टेमिंकच्या टिलव्याचा संशय घ्या. मग छाती पाहा. छोट्याची मध्यभागी पांढरी, फक्त बाजूंना करडी. टेमिंकच्याची तुतारीसारखी आरपार करडी-तपकिरी. पाय पक्षी चाळीस मीटरच्या आत असेल तरच पाहा आणि चिखल लागला आहे का ते लिहा. पक्ष्यांना उडवू नका. दूरवरून आले आहेत, चरू द्या. आपणहून उडाले तर ऐका. तुटक 'टिट्' की सलग किरकिर? शेपटीच्या कडा करड्या दिसल्या की स्वच्छ पांढऱ्या? टेमिंकच्या पांढऱ्या असतात. जागा आणि चाल, छाती, आवाज, शेपटी यांतल्या निदान दोन गोष्टी जुळल्या तर नाव लिहा. एकच जुळली तर ती कोणती ते लिहा, आणि नावाच्या जागी 'टिलवा' एवढेच लिहा."